भंडारदऱ्याला गेलाय

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता माझा नवरा न्हाणीघराच्या दारात पडला. साडेआठ वाजता डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. दहा वाजता मी घरी आले आणि सासूबाईंना ते सांगितलं.

त्या रडल्या. मी त्यांना धरून बसले. दुपारी त्याला घेऊन गेले. चारच्या सुमाराला माणसं परतली तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, खिडकीजवळ बसल्या होत्या. घरात एवढी गर्दी बघून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच आपल्या मालवणीत म्हणाल्या, "तो खंय गेलो? लोकांका चाय तरी दी गो."

आई ब्याऐंशी वर्षांच्या. दोन वर्षांपासून त्यांची आठवण टिकत नव्हती. जुनं सगळं जागेवर होतं. भोईवाड्यातली आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला त्याला सहा वर्षं झाली, पण त्या अजून चौदाव्या मजल्यावर दार उघडून गॅलरी शोधायच्या. सासऱ्यांची गिरणीतली पाळी कधी सुटायची ते त्यांना मिनिटावर ठाऊक होतं. नवीन मात्र काही राहत नसे. सकाळी सांगितलेलं दुपारी गेलेलं असे. हा आजार आमच्या अंगवळणी पडला होता. मुलगा गेल्याचंही त्या विसरतील, हे मात्र आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेरा दिवसांत त्यांना ते चार वेळा कळलं. पहिल्यांदा मी सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्या नणंदेने. तिसऱ्यांदा भेटायला आलेल्या एका शेजारणीच्या तोंडून निघालं. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच हार घातलेला फोटो पाहिला. प्रत्येक वेळी ती बातमी त्यांना पहिल्यांदाच लागत होती. चौथ्या वेळी त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो ऐकून नणंदेने फोटो खाली उतरवला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, बस. आता पाचव्यांदा नाही."

तेव्हापासून तो ऑफिसला जाऊ लागला.

हे खोटं सांभाळायला बरंच काही करावं लागतं. त्याच्या चपला दाराशी ठेवाव्या लागतात. त्याचे दोन सदरे आलटून पालटून धुऊन वाळत घालावे लागतात, कारण आई दोरीवरचे कपडे मोजतात. मंगळसूत्र गळ्यात ठेवावं लागतं आणि रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आरशासमोर उभं राहून टिकली लावावी लागते. माझं शिक्षण, माझी मतं यांच्याप्रमाणे नवरा गेल्यावर टिकली लावायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या कुणा बाईला मी तसंच सांगितलं असतं. पण मला ती लावायची नव्हती. मला एक दिवस नुसतं बसायचं होतं, चेहरा न धुता. ते मिळालं नाही. दादरच्या एका शाळेत मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. परत न आलेल्या पुस्तकाचं कार्ड आम्ही वर्षभर ट्रेमध्येच ठेवायचो, गहाळ असं लगेच लिहायचो नाही. घरात माझं तसंच झालं होतं. फरक एवढाच की कार्डही मीच होते आणि ट्रेही मीच.

चूक झाली ती ऑगस्टमधल्या एका रविवारी. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. आईंनी त्याच्याबद्दल विचारलं, मी सवयीने ऑफिस म्हटलं. त्या म्हणाल्या, आज आयतवार, ऑफिस कसलं? त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला काहीतरी सांगणं भाग होतं आणि तोंडातून निघालं, "भंडारदऱ्याला गेलाय."

दुसरं कुठलंही गाव चाललं असतं. मी नेमकं तेच का घेतलं ते मला तेव्हाही कळत होतं. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिघं तिथे जायचो. धरणाच्या पाण्याकाठी, शेंडी गावाच्या कडेला, एका जोडप्याने आठ खोल्या बांधल्या आहेत. पुढे अंगण, मुलांसाठी झोपाळे, घसरगुंडी, खाली उतरलं की होडी. शनिवार-रविवारी मुंबई, नाशिकची कुटुंबं येतात. मुलं दिवसभर ओरडत असतात आणि माझा नवरा त्या आरडाओरड्यात खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचा. आम्हाला मूल नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, शांत जागी का जात नाही आपण? तो म्हणाला होता, इथे बरं वाटतं. मग मी कधी विचारलं नाही. तो कुठेतरी असायलाच हवा होता, तर तिथे असावा असं मला वाटलं असणार.

आईंचा चेहरा उजळला. आणि हे एकच नवीन वाक्य, का कोण जाणे, त्यांच्या डोक्यात टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर त्यांनी विचारलं, "भंडारदऱ्यासून इलो तो?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तो येवंदे. मगे जेवया."

हे गमतीत घ्यायला मी पहिले दोन दिवस तयार होते. पुढे ते नेमाचंच झालं. सकाळचा चहा आणि एखादं बिस्कीट, त्यापलीकडे त्या काही घेईनात. भात कालवून पुढे नेला तर ताट बाजूला सारायच्या. पेजेचे चार घोट घेतले तर तो चांगला दिवस. त्यांनी कापडी पिशवी भरली. तिच्यात त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, छत्री आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. ती मांडीवर घेऊन त्या संध्याकाळी दाराशी बसायच्या. लिफ्टचा आवाज आला की उठायच्या. ऑफिसला गेलाय, आत्ताच फोन आला होता, उद्या येणार आहे, सगळं सांगून झालं. काही उपयोग नाही. सप्टेंबर गेला. त्यांचे ब्लाऊज मी दोनदा आत घेतले. ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. तेही आवाज खाली आणून म्हणाले, म्हणजे मला काय समजायचं ते समजलं.

मी त्यांना भंडारदऱ्याला न्यायचं ठरवलं. नणंदेला फोन करून तसं कळवलं. ती म्हणाली, "आणि तिथे तो दिसला नाही तर?"

"तर आजच सकाळी मुंबईला निघाला म्हणून सांगेन."

"आणि मुंबईला आल्यावर?"

दोन दिवस तरी जेवतील, एवढंच मी म्हणाले.

तिथल्या मालकीणबाईंना मी आधी फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, साहेब बरे आहेत ना? मी हो म्हटलं. यंदा त्यांना काम आहे, आम्ही दोघीच येतोय, आणि आजी विसरतात, मुलाबद्दल विचारतील, तेव्हा सकाळीच गेले असं सांगा. बाई हसून म्हणाल्या, माझी सासूही तशीच होती. खरं सांगायची ती वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. मी ते केलं नाही.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात आम्ही गाडी करून निघालो. कसाऱ्याचा घाट चढताना आई ताठ बसल्या होत्या. इगतपुरीला चहा घेतला. घोटीला दर वर्षी तो गाडी थांबवून नवा तांदूळ आणि चुरमुरे घ्यायचा. तिथल्या भातगिरणीवाल्याशी त्याची दहा-बारा वर्षांची ओळख. आईंनी दुकान ओळखलं, काच खाली करायला लावली. मी ड्रायव्हरला थांबू नका म्हटलं. गिरणीवाल्याने त्याच्याबद्दल विचारलं असतं आणि घोटीच्या भर बाजारात मला पुन्हा तेच खोटं बोलावं लागलं असतं. घोटी सोडून शेंडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. कापणी चालू होती. समोर कळसूबाईचा डोंगर दिसला तेव्हा आईंनी पिशवी उघडून वड्यांचा डबा नीट आहे ना ते पाहिलं.

पोचल्यावर मुक्कामाचं रजिस्टर पुढे आलं. नाव, पत्ता, किती माणसं, येण्याचं कारण. मी पानं मागे उलटली. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या अक्षरात तीन हा आकडा होता आणि कारणाच्या रकान्यात सहल. त्याचा स जरा मागे झुकलेला असायचा. मी पुढच्या पानावर दोन लिहिलं. कारणाच्या रकान्यात मीही सहल लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते?

आईंनी बाईंना मुलाबद्दल विचारलं. बाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, सकाळीच निघाले. आईंची सगळी चिंता एका गोष्टीची होती. "जेवन गेलो?"

"जेवल्याशिवाय आम्ही कुणाला सोडतो का आजी?" बाई म्हणाल्या. "दोन भाकऱ्या खाऊन गेले. तुमच्यासाठी पण ठेवल्यात."

आणि आई जेवल्या. पिठलं, भाकरी, वर भात. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ताट पुसून घेतलं. मी समोर बसून बघत होते. त्यांना वाढणाऱ्या त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं, आणि त्याच वेळी उठून पाण्याकडे चालत जावं आणि थांबूच नये असंही वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आईंनी भात मागितला म्हणून मी उठले ती स्वयंपाकघराकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंडलो. सकाळी राजूरला गेलो, तिथले पेढे त्याला आवडायचे म्हणून आईंनी पाव किलो घेतले आणि पिशवीत स्वेटरखाली ठेवले. वाटेत रंधा धबधब्यापाशी उतरलो नाही, पायऱ्या त्यांना जमल्या नसत्या. दुपारी होडीत बसलो. तो सकाळीच निघाला, हे बाईंचं सांगणं तोपर्यंत आई विसरल्या होत्या. पाण्याच्या मधोमध समोरून दुसरी होडी आली. तीत निळा शर्ट घातलेला एक माणूस होता, दोन मुली त्याला चिकटून बसल्या होत्या. आई उठायला लागल्या. मी त्यांना धरून खाली बसवलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले.

त्या माणसाने हात हलवला. मुलींनीही हलवले. होडी निघून गेली.

"बघलंस?" आई म्हणाल्या. "हात केल्यान."

मीही बघितलं होतं. खरं सांगायचं तर होडी लांब जाईपर्यंत मी त्या पाठीवरून नजर काढू शकले नाही. त्याची मान थोडी तशीच होती. आई रात्री पोटभर जेवल्या आणि मी पहिल्यांदा विचार केला की कदाचित असंच निभेल. दर महिन्याला एकदा इथे यायचं. हात करणारं कुणी ना कुणी भेटेल. आता लिहिताना हा विचार वेड्यासारखा वाटतो, पण त्या दिवशी माझ्याकडे तेवढाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. गाडीत सामान ठेवून झालं. आई पायरीच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दर वर्षी तिथेच उभ्या राहायच्या. कारण निघताना बाई हळदीकुंकवाचं तबक आणतात, मला कुंकू लावतात, ओटीत तांदूळ आणि नारळ घालतात, आणि सासरे गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, आई अशा वेळी आपसूक बाजूला सरतात. कुणी सांगावं लागत नाही. मला ते कधीच आवडलं नव्हतं, मी एकदा बाईंना आईंनाही लावा म्हटलं होतं, तेव्हा आईच घाबऱ्या झाल्या होत्या.

यंदा हे होणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या गोष्टींचा विचार केला, याचा नाही. मी गाडीकडे वळले तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला.

"ताई, थांबा की. अशाच कशा जाल?"

तबक होतं. बाईंचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. "पुढच्या वर्षी साहेबांना घेऊनच या," त्या म्हणाल्या आणि बोट माझ्या कपाळाकडे आलं.

सात महिने मी स्वतःच्या हाताने टिकली लावत होते. या सगळ्याला मी मनाने कधी किंमत दिली नव्हती. मान पुढे करायची आणि गाडीत बसायचं, एवढंच होतं. मी मागे सरले. एक पाऊल, मग दुसरं, आणि तिसऱ्या पावलाला भिंतीपाशी पोचले.

आई थोड्या बाजूला झाल्या. मला उभं राहायला जागा करून दिली. चाळीत, लग्नात, बारशात, बायकांच्या त्या कोपऱ्यात नवीन कुणी आलं की करतात तशी. त्यांच्या अंगाला ते आधी कळलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

बाई तबक धरून तशाच उभ्या होत्या. अंगणात कुणाचं तरी मूल झोपाळ्यावरून आईला हाका मारत होतं.

"एप्रिलमध्ये, आई."

"आणि माका कोणी सांगूक नाय?"

"सांगितलं होतं."

त्या विचार करत राहिल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या हे दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "मगे मी रडलंय?"

"हो. खूप रडलात."

त्यांनी मान हलवली, जसं काही एवढं तरी आपल्या हातून नीट झालं. बाईंनी तबक खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांनी मला, का नाही सांगितलंत ताई, असं काहीतरी विचारलं. मी त्यांची माफी मागितली. आईंना हाताला धरून गाडीत बसवलं.

वाटेत भाताच्या खाचरांपाशी आई रडायला लागल्या. आवाज न करता. घोटीच्या बाजारात गाडी अडकली होती तेव्हा त्यांनी माझा चेहरा आपल्याकडे वळवला आणि नखाने माझ्या कपाळावरची टिकली काढली. रागाने नाही. हळू, कातडी ओढली जाऊ नये अशी. ती त्यांनी पिशवीच्या कापडावर चिकटवली. मग माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सात महिन्यांत मी पहिल्यांदा कुणाजवळ तरी रडले. त्याच्या आईजवळ. आम्ही दोघींनी एकाच माणसासाठी एकाच वेळी रडायची ती एकच वेळ. इगतपुरी येईपर्यंत ती चालली. मी मनात म्हणत होते की आता हे राहू दे, एवढं एक त्यांच्या डोक्यात राहू दे, म्हणजे मी एकटी उरणार नाही. आणि लगेच म्हणत होते की नको, जाऊ दे.

घाटात त्यांना झोप लागली. शहापूरच्या पुढे जाग आली. त्यांनी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"टिकली खंय पडली तुझी?"

त्या सीटवर शोधायला लागल्या, पायाशी वाकल्या. मग त्यांना ती पिशवीवर दिसली. त्यांनी ती काढली, माझ्या कपाळावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली, चिकटेपर्यंत.

"रित्या कपाळान बसू नको," त्या म्हणाल्या. "तो घराक इलो आसतलो मा?"

पाचव्यांदा नाही, असं नणंद म्हणाली होती. पाचवी वेळ मी आणली होती. सहावी माझ्या ओठांवर होती, कारण नुकतंच कुणीतरी माझ्याबरोबर रडलं होतं आणि मला ते परत हवं होतं. मी तोंड उघडलं. आईंचा अंगठा अजून माझ्या कपाळावर होता.

"ऑफिसला गेलाय," मी म्हणाले. "जेवून गेलाय."

त्यांनी हात खाली घेतला. ठाण्याला त्यांनी भूक लागली म्हणून सांगितलं. मी पेढ्यांचा पुडा उघडला आणि त्यांनी दोन खाल्ले.

भंडारदरा त्या विसरल्या आहेत. ते नाव पुन्हा त्यांच्या तोंडून आलेलं नाही. घरात आता आम्ही दोघी आहोत. त्याच्या चपला दाराशी आहेत, फोटो कपाटात साड्यांखाली आहे. मी सकाळी टिकली लावते. आई दोन वेळा जेवतात.